स्वस्त गॅस सेन्सर आणि मशीन लर्निंगने कॉफीतली चिकोरी ओळखता येईल का?

तुमचा प्रश्न असा: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, एमक्यू मालिकेचे स्वस्त गॅस सेन्सर आणि आर्डुइनो (सेन्सरचे आकडे वाचणारा छोटा सर्किट बोर्ड) हाताशी आहे, कॉफीत मिसळलेली चिकोरी (एका झाडाचं भाजलेलं मूळ) पकडता येईल का? येते. मी अन्नतपासणीच्या कामात असे सेन्सर हाताळले आहेत, त्यावरून सांगतो.

आधी प्रश्न नीट मांडा. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रण कायदेशीर आहे. त्यात कॉफी किमान 51 टक्के हवी आणि पाकिटावर प्रमाण छापलेलं हवं. म्हणजे ‘चिकोरी आहे की नाही’ एवढं ओळखून भागत नाही. ‘70:30’ छापलेल्या पाकिटात खरंच 70 टक्के कॉफी आहे का, हे कळलं तर उपयोग. म्हणून वर्गीकरणापेक्षा (आहे की नाही) रिग्रेशन करा, म्हणजे थेट टक्का काढा.

एमक्यूमध्ये तापवलेला टिन ऑक्साइडचा थर असतो. कॉफीची वाफ त्यावरच्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करते आणि थराचा रोध उतरतो. एकटा सेन्सर फारसं काही सांगत नाही, कारण भाजलेल्या चिकोरीतूनही कॉफीसारखीच बरीच संयुगं उडतात. पाच-सहा वेगवेगळे सेन्सर एकत्र लावले की आकड्यांचा साचा दिसतो, आणि तो ओळखायला साधं पीसीए (बरेच आकडे मोजक्या आकड्यांत आणणारी पद्धत) आणि एसव्हीएम (ज्ञात नमुन्यांवरून शिकणारी मशीन लर्निंगची पद्धत, हिने टक्काही काढता येतो) पुरतं. डीप लर्निंगच्या नादी लागू नका, तेवढा डेटा तुमच्याकडे नसणार.

खरी मेख मोजणीत आहे. नवे सेन्सर किमान दिवसभर तापत ठेवा. पावडरीचं वजन, बाटली, तापमान एकच ठेवा. दमटपणाने हे सेन्सर हमखास भरकटतात, पावसाळ्यात तर विचारूच नका, म्हणून दरवेळी आधी स्वच्छ हवेचा रोध घेऊन त्याच्याशी गुणोत्तर काढा. शुद्ध नमुने सकाळी आणि मिश्रणं दुपारी मोजलीत, तर मॉडेल चिकोरी शिकणारच नाही, घड्याळ शिकेल. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

ट्रेन-टेस्ट विभागणी, म्हणजे कोणते नमुने मॉडेलला शिकवायला आणि कोणते तपासायला हे, पाकिटानुसार करा. एकाच पाकिटातले नमुने दोन्हीकडे गेले की 99 टक्के अचूकता मिळते आणि ती पोकळ असते. या विषयावरचे पेपर वाचताना मी आधी हेच बघतो. हलकी, मध्यम, गडद भाजणी आणि अरेबिका-रोबस्टा या कॉफीच्या दोन्ही जाती घ्या, नाहीतर गडद भाजलेली शुद्ध कॉफीसुद्धा भेसळीची ठरेल.

कॅफीन मोजून पडताळा घ्यायचा विचार असेल तर सांभाळून. चिकोरीत कॅफीन नसतं हे खरं, पण रोबस्टात ते अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं. 70 टक्के रोबस्टाचं मिश्रण कॅफीनमध्ये शुद्ध अरेबिकाला मागे टाकेल. त्यापेक्षा पडताळ्यासाठी ज्ञात प्रमाणाची मिश्रणं स्वतःच वजन करून बनवा.

आणखी एक अडचण. चिंचोके किंवा खजुराच्या बिया भाजून मिसळल्या, तर फक्त चिकोरीवर शिकलेलं मॉडेल त्यांनाही चिकोरीचाच काहीतरी टक्का देऊन मोकळं होईल. शुद्ध कॉफी आणि कॉफी-चिकोरी मिश्रणं या दोन्हींवर वन-क्लास एसव्हीएम (ओळखीच्या नमुन्यांत न बसणारं वेगळं काढणारा प्रकार) बसवून परके नमुने आधी बाजूला काढा, मग टक्केवारीकडे वळा.