वाचकांचे प्रश्न : बर्गर तोच, मग झुरिकमध्ये साडेतीनपट का?

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे स्वित्झर्लंडमधील झुरिकला राहून आलो. तेथे मॅकडोनाल्ड्समध्ये एका बिग मॅकला ७ फ्रँकच्या वर पैसे पडले, म्हणजे आपले सातशे रुपये. पुण्यात त्याच कंपनीचा महाराजा मॅक दोनशेच्या आसपास मिळतो. पाव, कोबी, चटणी सगळे जवळपास तेच असताना एवढा फरक कसा? तेथे लूट चालते की येथे आपल्याला काही कमी दर्जाचे देतात? मुलगी म्हणते, “बाबा, रुपयांत गुणू नका.” तिचे बरोबर आहे का?
— एक सेवानिवृत्त वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : लूट म्हणावी असे दोन्हीकडे काही नाही. आपल्याला पडलेल्या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांनीही बरीच शाई खर्च केली आहे. ‘द इकॉनॉमिस्ट’ हे लंडनचे साप्ताहिक १९८६ पासून देशोदेशींच्या बिग मॅकच्या किमतींचा एक निर्देशांक प्रसिद्ध करीत आले आहे. चलनांचे विनिमय दर योग्य असतील तर एकच जिन्नस सर्वत्र सारख्याच किमतीला पडला पाहिजे, आणि तसा तो पडत नसेल तर कोणते चलन जास्त भावाने विकले जात आहे हे त्यावरून कळावे, असा त्यामागचा विचार आहे. बिग मॅकमधले गोमांस भारतातील दुकानांत वापरत नसल्यामुळे आपल्यापुरता महाराजा मॅकचा भाव धरला जातो. या यादीत स्वित्झर्लंड वर्षानुवर्षे वरच्या टोकाला आणि भारत खालच्या टोकाकडे असतो.

मात्र ‘एक जिन्नस, एक भाव’ हा नियम जहाजात भरून नेता येणाऱ्या वस्तूंना लागू पडतो. सोने एका देशात स्वस्त झाले तर व्यापारी ते तेथून उचलून दुसरीकडे विकतात आणि आयातशुल्काचा फरक सोडला तर भाव सारखे होतात. पुण्यातला गरम बर्गर झुरिकला नेऊन विकणे कोणालाच शक्य नाही. शिवाय बर्गरच्या किमतीत गहू, तेल, बटाटा यांचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा कमी असतो. उरलेला पैसा तो भाजणाऱ्या हातांना, दुकानाच्या भाड्याला, विजेला आणि करांना जातो.

हे समजून घेण्यासाठी आपल्या कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीकडे पाहावे. गाडीवाला पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आलेला बटाटा उकडतो, बेकरीतून पावाच्या लाद्या येतात, आठ वाजता कढई तापते आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर (छापील कागदावर खाद्यपदार्थ देऊ नयेत असे सरकार सांगत असले तरी) तळलेल्या मिरचीसह वडापाव वीस रुपयांत आपल्या हातात पडतो. आता हीच गाडी जशीच्या तशी झुरिकच्या स्थानकाबाहेर नेऊन उभी केली, तर बटाटे आणि तेल थोडे महाग पडेल. पण वडे तळणाऱ्या माणसाला ताशी सुमारे २० फ्रँक, म्हणजे दोन हजार रुपये, द्यावे लागतील, कारण त्याहून कमी पगारावर तेथे माणूसच मिळणार नाही. जागेचे भाडे वेगळेच. त्या वडापावची किंमत चार-पाच फ्रँकांच्या खाली ठेवली तर गाडी महिनाभरात बंद होईल.

तेथील माणूस आपल्या गाडीवाल्यापेक्षा जलद वडे तळतो म्हणून त्याला इतका पगार मिळतो, असे मुळीच नाही; उलट हातोटीत आपला माणूसच सरस ठरावा. पण त्याच देशात औषध कंपन्या, यंत्रांचे कारखाने आणि बँका प्रत्येक तासाला एवढी कमाई करतात की त्यांना मोठे पगार परवडतात; मग केस कापणाऱ्याला आणि बर्गर भाजणाऱ्यालाही त्यांच्या जवळपासचा पगार दिल्याशिवाय ती कामे करायला कोणी उरत नाही. बेला बलाशा आणि पॉल सॅम्युअलसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली स्वतंत्रपणे ही गोष्ट मांडली, म्हणून ती त्यांच्या जोडनावाने ओळखली जाते.

स्वित्झर्लंडमध्ये आणखी एक भर आहे. आपल्या शेतकऱ्यांना जपण्यासाठी तेथील सरकार आयात मांसावर जबर शुल्क लावते, त्यामुळे कच्चा मालही महाग पडतो. सीमेजवळचे स्विस लोक सुट्टीच्या दिवशी जर्मनीतील कॉन्स्टान्झला जाऊन पिशव्या भरून आणतात, हे आपल्या मुलीने पाहिले असेलच. करांचे दरही सारखे नाहीत. आपल्याकडे अशा उपाहारगृहांत साधारणपणे ५ टक्के जीएसटी पडतो, डेन्मार्कमध्ये मूल्यवर्धित कर २५ टक्के आहे, तर अमेरिकेत फलकावरच्या किमतीत विक्रीकर धरलेलाच नसतो, तो पैसे देताना वर चढतो.

चलनाचा भाव कोसळला तर काय होते याचे उदाहरण आइसलँडचे आहे. तेथील मॅकडोनाल्ड्सच्या दुकानांचा बराचसा माल जर्मनीहून येत असे. २००८ साली तेथील बँका बुडाल्या, क्रोना हे तेथील चलन घसरले, माल परवडेनासा झाला आणि ऑक्टोबर २००९ अखेर मॅकडोनाल्ड्सने त्या देशातून गाशा गुंडाळला.

आता दर्जाविषयीची आपली शंका. भारतात दोनशे रुपये लावले जातात त्याचे कारण दर्जापेक्षा शेजारी काय मिळते यात आहे. झुरिकमध्ये बाहेर जेवायचे तर बिग मॅक हा स्वस्तातला पर्याय असतो. पुण्यात त्याची स्पर्धा वीस रुपयांच्या वडापावशी आणि साठ-सत्तर रुपयांच्या मिसळीशी असते. म्हणूनच या कंपनीने आपल्याकडे आलू टिक्कीचा बर्गर काढला आणि तो अनेक वर्षे वीस-पंचवीस रुपयांत विकला. परदेशातला नेहमीचा साधा पदार्थ येथे येऊन वाढदिवसाच्या पार्टीचा पदार्थ झाला.

त्यामुळे रुपयांऐवजी वेळेत मोजून पाहावे. झुरिकच्या त्याच दुकानातील कामगार ताशी २० फ्रँक मिळवतो असे धरले तर ७ फ्रँकचा बर्गर त्याला सुमारे २१ मिनिटांच्या कामात मिळतो. पुण्यातील काउंटरवरच्या मुलाचा पगार महिना १५ हजार रुपये आणि काम २६ दिवस, रोज आठ तास धरले, तर त्याला ताशी ७२ रुपये पडतात आणि दोनशे रुपयांच्या बर्गरसाठी पावणेतीन तासांहून अधिक राबावे लागते. म्हणजे आपल्याला साडेतीनपट महाग वाटलेला बर्गर तेथील माणसाला आठपट स्वस्त आहे. त्याच मुलाला वडापावसाठी मात्र सुमारे १७ मिनिटे पुरतात. झुरिकच्या बिग मॅकचा खरा पुणेरी जोडीदार महाराजा मॅक नसून वडापाव आहे, असे त्यामुळेच म्हणावेसे वाटते.

मुलीच्या सांगण्याविषयी एवढेच, की तिची कमाई फ्रँकमध्ये आहे, म्हणून तिने रुपयांत गुणण्याचे कारण नाही. आपले निवृत्तिवेतन मात्र रुपयांत येते, तेव्हा खिशातून पैसे आपण काढणार असाल तर गुणावेच लागेल, आणि तो हिशोब चुकीचा नाही. पुढच्या खेपेस बर्गरचे पैसे तिला देऊ द्यावेत. ती दिवाळीत पुण्याला आली की गाडीवरचे पैसे आपण द्यावेत.