सोनोग्राफीत पोटातल्या बाळाच्या मानेत पाण्याची गाठ दिसली, एमआरआय करावाच लागतो का?

गाठ मोठी किंवा मानेच्या पुढच्या बाजूला असेल तर करून घ्या. मागच्या लहान गाठीला बहुतेकदा सोनोग्राफी पुरते. गाठीचं नाव काय, यापेक्षा श्वासनलिका मोकळी आहे का हे महत्त्वाचं. साधारण २० आठवड्यांनंतरच्या एमआरआयमध्ये ती पाण्याने भरलेल्या पांढऱ्या रेघेसारखी दिसते. कुठे चेपली, सरकली, गाठ छातीत उतरली का, ते कळतं. चेपली असेल तर सिझेरियनमध्ये नाळ कापण्याआधीच बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालायची तयारी ठेवतात, आणि अशी तयारी आयत्या वेळी होत नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, चित्र ठळक दिसण्यासाठी देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शनही गरोदरपणात टाळतात. मात्र टर्नर सिंड्रोमसारखा गुणसूत्रांतला दोष एमआरआयमध्ये दिसत नाही. मानेमागच्या गाठीत त्याची शंका असते, त्यासाठी गर्भजलाची तपासणी वेगळी.