आजोबांची जुनी महिंद्रा पेट्रोल पिकअप अंधेरीत कित्येक वर्षं बंद उभी आहे. चालू कशी करावी?

आधी स्टार्टर मारू नका. पिस्टनच्या रिंग चिकटलेल्या असतील तर तुटतील. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी इंजिन हँडलने हळू फिरवा. मोकळं फिरलं तर ऑइल बदला, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) घासून गॅप 0.5 मिमी ठेवा, प्लगचा 0.75. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2.

टाकीतलं पेट्रोल ओतून टाका. आताच्या पेट्रोलमधलं 20 टक्क्यांपर्यंतचं इथेनॉल जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा (इंजिनावरच्या) रबरी पडदा खातं. दोन्ही इथेनॉल चालणारे घ्या. सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी करा.

खरी भीती ब्रेकची. जुन्या गाड्यांत ब्रेकची लाइन एकच असते, एक व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा सिलिंडर) गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले. सिलिंडरच्या रबरी सीलचे किट आणि ब्रेकचे होज (रबरी पाइप) सगळे नवे, तिथे काटकसर नको. मुंबईच्या खाऱ्या हवेत चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरपाशी, म्हणजे त्या जिथे टांगलेल्या असतात तिथे, आतून सडते. हातोडी मारून बघा, बद्द आवाज आला तर वेल्डरआधी रंगारी बोलावू नका.

आजोबा हयात नसतील आणि आरसी अजून त्यांच्याच नावावर असेल तर आरटीओत वारसाचा फॉर्म 31 लागतो. विमा असल्याशिवाय गेटबाहेर काढू नका.