शटर जाम होतंय, पण दोष थंडीचा नाही

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही खानापूरचे. घराखाली गाडी लावायला जागा आहे, तिला हातानं ओढायचं रोलिंग शटर. दिवाळी झाली की सकाळी ते वर जातच नाही, सासरे दोन्ही हातांनी ओढतात तरी अर्ध्यात अडकतं आणि दुपारी ऊन पडलं की तेच शटर एका हातानं वर. शटरवाला म्हणतो थंडीनं लोखंड आखडतं, नवीनच बसवा. मी दर आठवड्याला चॅनेलला (शटर ज्यातून सरकतं त्या दोन बाजूंच्या खाचांना) ग्रीस लावतेय, काही फरक नाही. काय करू?

उत्तर : ताई, शटर बदलू नका, आणि आधी तो ग्रीसचा डबा बाजूला ठेवा. लोखंड थंडीनं आखडतं हे बरोबर, खरं किती ते बघा की, १० फुटी पट्टी १५ डिग्रीनं गार झाली तर जेमतेम अर्धा मिलिमीटर कमी होते. आणि पट्टी आखडली तर चॅनेलमध्ये उलट सैल पडायला पाहिजे, जाम कशी होईल?

खरी भानगड पावसाळ्यातली आहे. तुमच्याकडचा पाऊस म्हणजे काय सांगायचं, जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका. त्या चार महिन्यांत चॅनेलच्या तळाला चिखलपाणी साचतं, गंज धरतो, गंज फुगतो आणि फट कमी होते. त्यावर तुम्ही ग्रीस लावताय, त्याला रस्त्याची धूळ चिकटते. चॅनेलमध्ये एकदा बोट घालून बघा, काळा, वाळू मिसळलेला लगदा हाताला लागेल. तो सकाळच्या गारव्यात घट्ट होतो आणि दुपारी ढिला पडतो, म्हणून तर दुपारी शटर सुरळीत चालतंय.

तर आधी तो लगदा जुन्या स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढा, रॉकेलच्या फडक्यानं दोन्ही बाजूचे चॅनेल वरपर्यंत पुसा (गाडी बाहेर काढून, आणि त्यावेळी तिथं कुणी बिडी पेटवायची नाही), गंजावर पॉलिश पेपर फिरवा. कोरडं झालं की सिलिकॉन स्प्रे मारा, त्याला धूळ कमी धरते. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला चांगलं, खरं ते लवकर उडून जातं, त्याच्यावर वर्ष काढता येत नाही. पुढच्या वर्षीपासून हे काम दिवाळीच्या साफसफाईतच उरकून टाका, म्हणजे सासऱ्यांची कंबर वाचेल.

एवढं करूनही जड लागलं तर शटर कमरेपर्यंत उचलून हळूच हात सैल करा, एकदम सोडू नका, आणि पोरांना लांब ठेवा. तिथंच थांबलं तर वर गुंडाळीत शटरचं वजन पेलणारी स्प्रिंग ठीक आहे. खाली यायला लागलं तर स्प्रिंग ढिली झालीय. तिला घरच्या कुणीही हात लावायचा नाही, पिळलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो, ते शटरवाल्याचंच काम. एखादी पट्टी वाकली असेल तर बेळगावात उद्यमबागेकडं फॅब्रिकेशनवाले भरपूर आहेत, तेवढीच पट्टी बदलून मिळते, अख्खं शटर कशाला?

प्रश्न : आम्ही अनगोळला राहतो, मुलगा कॅनडात. तिकडं बर्फात त्याच्या गॅरेजचं मोटरचं दार जमिनीला चिकटतं, बटण दाबलं की नुसता आवाज. गरम पाणी ओतू का म्हणून विचारत होता.

उत्तर : पाणी ओतू नको म्हणावं, थोड्या वेळानं त्याच पाण्याचा परत बर्फ होतो. दाराच्या खालच्या कडेला रबर असतं, त्याच्याखाली पाणी गोठलं की ते फरशीला धरून बसतं. अशा वेळी बटण दाबत बसलं तर रबर फाटतं नाहीतर मोटरचे गिअर जातात. प्लॅस्टिकच्या उलथन्यासारख्या कशानंतरी कडेचा बर्फ सोडवायचा, मग दार उघडायचं. थंडीच्या आधी उंबऱ्याची जागा झाडून कोरडी करून रबराला सिलिकॉन लावायचं, ग्रीस नाही, ग्रीसनं रबर फुगतं. रबराला भेगा पडल्या असतील तर ते बदलायचं. आणि रिमोटमधला सेल बदलून बघ म्हणावं, कडाक्याच्या थंडीत सेल लवकर मान टाकतात. दार बंद होताना अर्ध्यावरून परत वर जात असेल तर खाली दोन बाजूंना सेन्सर असतात, त्यांच्या काचेवर दव किंवा बर्फ बसलाय का ते आधी पुसून बघायचं, मग मेकॅनिकला फोन.