ख्रिस्ती शोकसंदेशातली ‘आशा’

प्रश्न असा आला आहे: ‘माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीचे वडील वारले. तिच्या घरून आलेल्या निरोपात “प्रभूमध्ये झोपी गेले” आणि “पुनरुत्थानाच्या आशेत” असे शब्द होते. माणूस गेल्यावर आशा कसली? आणि उत्तरादाखल मी “ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो” असं लिहिलं तर चालेल का?’

आधी ‘आशा’. रोजच्या मराठीत हा शब्द डळमळीत आहे. डॉक्टर आशा सोडतात, आपण वेडी आशा धरून बसतो, कुणी आशाळभूतपणे दाराशी घुटमळतो. आशेला माणसाची चमत्कारिक बेडी म्हणणारं सुभाषित तर शाळेतच पाठ झालेलं असतं: या बेडीने बांधलेले धावत सुटतात आणि सुटलेले पांगळ्यासारखे जागीच राहतात. हा अर्थ मनात ठेवून तो निरोप वाचला तर कोड्यात पडायला होणारच.

मराठी बायबलात मात्र ‘आशा’ हा शब्द ‘एल्पिस’ या ग्रीक शब्दासाठी येतो, आणि तिथे त्याचा अर्थ आहे दिलेल्या वचनावर विसंबून पाहिलेली वाट. ‘झालं तर बरं’ असा तिचा सूर नसतो. बायबलातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकात विश्वासाची व्याख्या करताना आशा आणि भरवसा हे शब्द एकाच वाक्यात आले आहेत. त्याच पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. देशावरच्या वाचकाला इथे शेतातला नांगर दिसतो आणि पेरणीची आठवण येते. वसईच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाला होडीचा नांगर लगेच कळतो. मूळ अर्थ होडीचाच आहे. वादळ थांबवणं नांगराचं काम नाही. वादळात होडी वाहून जाऊ नये, एवढ्यासाठी तो असतो.

शोकसंदेशातली आशा पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेले पुन्हा जिवंत उठतील याची. ती आली पौलाच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या एका प्रचारकाच्या, पत्रातून. इसवी सन 50च्या सुमारास त्याने थेस्सलनीका या शहरातल्या नव्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलं. त्यांच्यातली काही माणसं ख्रिस्ताच्या पुनरागमनाआधीच वारली होती आणि मागे राहिलेल्यांना घोर लागला होता की आता या गेलेल्यांचं काय होणार. पौल लिहितो त्याचा आशय असा: झोपी गेलेल्यांविषयी तुम्ही अजाण राहू नये, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद तुम्ही करू नये. या वाक्यातलं ‘सारखा’ फार महत्त्वाचं आहे. ते गाळलं की उरतं ‘खेद करू नये’, आणि दुःखात असलेल्या माणसाला नेमकं हेच ऐकवलं जातं: ‘रडू नकोस, ते देवाजवळ आहेत.’ पौलाने रडायला मनाई केलेली नाही. रडण्याला तळ आहे, एवढंच तो सांगतो आहे. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं, आणि ते अर्धवट वापरलेलं पाहून वाईट वाटतं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलातल्या येशूच्या एका चरित्राच्या, अकराव्या अध्यायात आहे. येशूचा मित्र लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झाले आहेत. येशू त्याच्या गावी, बेथानीला, येतो. आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक आहे. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे शब्द तो लाजराच्या बहिणीशी, मार्थेशी, नुकतेच बोललाही आहे. तरी दुसऱ्या बहिणीला, मरियेला, आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून त्याला गहिवरून येतं, आणि पुढे दोनच शब्दांचं वचन येतं: ‘येशू रडला.’ ज्याच्या हातात उत्तर होतं तोही रडला. मग तुमच्या मैत्रिणीने रडावं, महिनोन्‌महिने रडावं, यात विश्वासाची कसलीच उणीव नाही.

‘झोपी गेले’ हा प्रयोगही त्याच अध्यायात आहे. ‘आपला मित्र लाजर झोपला आहे’ असं येशू म्हणतो. शिष्यांना वाटतं साधी झोप, म्हणजे तो बरा होईल. तेव्हा येशू उघडपणे सांगतो, लाजर मेला आहे. म्हणजे हा शब्द मरण लपवण्यासाठी नाही. झोपलेला उठतो, म्हणून तो निवडला. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘सेमेटरी’ हा शब्दही झोपण्याची जागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला आहे. घरात लहान मूल असेल तर मात्र त्याला ‘आजोबा झोपलेत’ असं सांगू नये. ते झोपायलाच घाबरेल. त्याच्याशी लाजराच्या गोष्टीसारखं उघड बोलावं.

आता तुम्ही लिहायचं काय? ‘सद्गती’मागे कर्म, गती, पुढचा जन्म अशी सगळी विचारसरणी उभी आहे. मैत्रीण तुमचा भाव समजून घेईल, तरी तिच्या श्रद्धेतला शब्द वापरलात तर तो जास्त जवळचा वाटेल. ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द कैलासवासी, वैकुंठवासी यांच्या धर्तीवर घडला असला तरी उसना वाटत नाही. ख्रिस्ताजवळ जाऊन असावं ही इच्छा पौलाच्या पत्रातच आहे. आणि अशी देवघेव जुनी आहे. 1616 साली आलेल्या ‘ख्रिस्तपुराण’ या मराठी काव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हाच शब्द वापरला. ख्रिस्ती व्यक्तीच्या नावामागे सरसकट ‘कै.’ लावणं मात्र टाळावं. ‘दिवंगत’ कुठेही चालतं.

एक भेद लक्षात ठेवा. कॅथलिक घरांत मृतांसाठी प्रार्थना करतात. 2 नोव्हेंबर हा त्यासाठी खास दिवस. तिथे ‘त्यांच्या आत्म्याला चिरशांती लाभो’ हे अगदी योग्य. प्रोटेस्टंट घरांत सहसा अशी प्रार्थना करत नाहीत. गेलेली व्यक्ती प्रभूच्या हाती आहे असं मानून मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. तुम्हाला नक्की माहीत नसेल तर कुटुंबासाठी सांत्वन मागा. ते दोन्हीकडे चालतं.

‘सांत्वन’ या शब्दाबद्दल थोडं. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी देवाला सांत्वन देणारा म्हटलं आहे. तिथला ग्रीक शब्द आणि योहानात पवित्र आत्म्यासाठी आलेला शब्द एकाच धातूचे आहेत: जवळ बोलावणं. मराठी बायबलाने त्या दुसऱ्या ठिकाणी ‘कैवारी’ हा शब्द घातला, आणि तो मला अप्रतिम वाटतो. कैवार घेणारा माणूस लांबून उपदेश करत नाही, आपल्या बाजूला येऊन उभा राहतो. बायबलात ईयोब नावाच्या माणसावर संकटं कोसळतात. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ न बोलता बसले तोवर त्यांनी त्याचा कैवारच घेतला होता. कारणं समजावू लागले तेव्हा सगळं बिघडलं. म्हणून ‘देवाची इच्छा’, ‘त्यांची वेळ आली होती’ असलं काही लिहू नका. तुम्ही कैवार घ्या.

मी असं लिहीन:

‘बाबा गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. तुझ्याबरोबर मीही शोक करते आहे. सर्व सांत्वनाचा देव तुला, आईला आणि घरच्या सगळ्यांना धीर देवो, आणि पुनरुत्थानाची तुमची आशा या दिवसांत तुम्हाला धरून ठेवो. रविवारी घरी येते. येताना जेवण घेऊन येईन, तुम्ही काही करू नका.’

त्यांचं घर कॅथलिक असेल तर पहिल्या वाक्यानंतर ‘प्रभू त्यांना चिरशांती देवो’ हे वाक्य घाला. जेवणाचं वाक्य दोन्हीकडे तसंच राहू द्या.