ब्रेक मारला की ड्रायव्हर सीट टक करून हलते आणि मागे सरकवताना अडकते, ऑइल सोडलं तर चालेल का?

ऑइल नका सोडू हो, आधी लॉक बघा. सीटखाली दोन रेल असतात, डावा आणि उजवा, पुढचा दांडा वर ओढला की दोन्हीकडचे लॉक एकदम सुटतात आणि दांडा सोडला की स्प्रिंगनं दोन्ही परत खाचेत बसायला पाहिजेत. पण कधी कधी एकच बाजू बसते आणि दुसरी दोन खाचांच्या मधे राहते, मग सीट तिरकी होऊन अडकते आणि ब्रेकला टक करते, तुमचं बहुतेक तेच असणार.

माझ्या गाडीत अस्संच झालेलं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी टॉवेल भरून नेतो, गाडीत सगळीकडं सुताचा भुगा, त्यात आपली सोलापूरची धूळ, आणि एका गॅरेजवाल्यानं रेलमधे भरपूर ऑइल मारून दिलेलं, त्या तिन्हीचा नमदा झाला आणि लॉक खाचेत जाईचना. मोहोळच्या अलीकडं जोरात ब्रेक मारला तर सीट माझ्यासकट पुढं गेली, गुडघा स्टेअरिंगखाली आपटला. सीट मागे गेली असती तर पाय ब्रेकवरनंच सुटला असता, ते आठवलं की आजपण भ्या वाटतं.

गाडी सपाटीला, हँडब्रेक ओढून, बंद करा. सीट पूर्ण मागे घेऊन रेलचा पुढचा भाग आणि पूर्ण पुढे घेऊन मागचा भाग टॉर्चनं बघा, नाणी, शेंगांची टरफलं, खडे काय काय निघतंय बघा. व्हॅक्यूम आणि जुना टूथब्रश मारा, जुनं ग्रीस कापडानं पुसा, मग पांढरं लिथियम ग्रीस अगदी पातळ लावा. दांड्यापासून दुसऱ्या बाजूच्या लॉकला जाणारी तार किंवा सळई ढिली झालीय का, स्प्रिंग तुटलीय का, सीटचे बोल्ट टाईट आहेत का, हेपण बघा. खाली पिवळा कनेक्टर दिसला तर हात लावू नका, तो एअरबॅगच्या वायरिंगचा असतो.

नंतर दोन्ही पाय रोवून सीट पुढेमागे हिसडून बघा, जरापण हलली नाही पाहिजे. बसताना ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि छाती स्टेअरिंगपासून 25 सेंटिमीटर तरी लांब. चालत्या गाडीत दांड्याला हात लावू नका, कितीबी घाई असू दे.

एवढं करूनपण टक राहिली तर खाचा झिजल्यात, स्लायडरची म्हणजे दोन्ही रेलची जोडीच बदला. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा, तापवलं की लोखंडाची ताकद बदलते आणि तुमचं अख्खं वजन त्या रेलवर असतंय.