रस्टमधला मोठा डेटा जावास्क्रिप्टला पटकन कसा द्यायचा?

वेबअसेंब्लीतून (वाझम, म्हणजे रस्टसारख्या भाषेतला कोड ब्राउझरमध्ये चालवायची सोय) मोठी यादी जावास्क्रिप्टमध्ये आणताना पेज अडकतं म्हणताय, म्हणजे बहुतेक तुम्ही जेसॉन (डेटा मजकूर म्हणून लिहायची पद्धत) करून पाठवताय. मीपण रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या भरती-ओहोटीचा ग्राफ करताना आधी तेच केलं, वर्षभराची दर मिनिटाची पाण्याची उंची म्हणजे ५,२५,६०० आकडे, प्रत्येकाची इकडे स्ट्रिंग करायची नि तिकडे पार्स करून परत आकडा, नुसती हमाली! त्यापेक्षा रस्टमध्ये सरळ एफ६४चा व्हेक्टर (६४ बिटी दशांश आकड्यांची यादी) ठेवा, बाहेर फक्त पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि लांबी द्या आणि जावास्क्रिप्टमध्ये त्याच मेमरीवर फ्लोट६४ॲरे उघडा, सगळे ४२ लाख बाइट जागच्या जागी वाचता येतात, कॉपीच नाही.

एक मात्र नक्की सांभाळा, वाझमची मेमरी वाढली की जुना ॲरे डिटॅच होतो (मेमरीपासून तुटतो) आणि लेंग्थ ० दाखवतो, एरर शोधत रात्र जाते, म्हणून तो जपून ठेवू नका, दर वेळी नवा बनवा. जावास्क्रिप्ट वाचत असेपर्यंत व्हेक्टरपण रस्टमध्ये जिवंत पाहिजे.

बंदरांची नावं वगैरे स्ट्रिंग कॉपी होणारच, कारण अक्षरं साठवायची पद्धत वेगळी, रस्टचं यूटीएफ-८ आणि जावास्क्रिप्टचं यूटीएफ-१६. ती एकदाच पाठवा, पुढे नुसता इंडेक्स द्या.